प्रति: इशारे नेमके कुठे अडकले?
‘टायटॅनिक’ जहाजाचे कप्तान स्मिथ यांनी हिमनगांचे सगळेच इशारे कानाआड केले, हे विधान मला अर्धेच पटते, कारण सर्वांत नेमका इशारा बहुधा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ९.४० वाजता ‘मेसाबा’ जहाजाने हिमक्षेत्राचे अक्षांश-रेखांश कळवले होते आणि ‘टायटॅनिक’ बुडाली ती त्याच चौकोनात. ‘टायटॅनिक’चे बिनतारी यंत्र आदल्या रात्री बिघडल्यामुळे प्रवाशांच्या खासगी तारसंदेशांचा ढीग साचला होता. जहाजावरचे बिनतारी संदेशक फिलिप्स तो केप रेस या किनाऱ्यावरच्या बिनतारी केंद्राकडे पाठवण्यात गुंतले होते, म्हणून ‘मेसाबा’चा इशारा बहुधा त्यांच्यापाशीच अडकला. अकराच्या सुमारास ‘कॅलिफोर्नियन’ या दुसऱ्या जहाजाने बर्फात थांबल्याचे कळवताच फिलिप्स यांनी ‘गप्प बसा, मी कामात आहे’ असे उत्तर दिले. हिमनगाशी टक्कर ११.४० ची. वेग मात्र कमी केला नाही, तो दोष कप्तानांचाच.