प्रतिसाद: फाउंड्रीतलं ईआरपी आणि खिशातली डायरी

वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय की कामगार शिकलेले नसतात म्हणून ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) चालत नाही, मला हे अजिबात पटलं नाही. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात) क्वालिटीला होतो, तिथं शॉपफ्लोअरवर कॉम्प्युटर बसवला, ट्रेनिंग झालं, तरी मेल्टिंगचे आमचे सुपरवायझर मामा हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर), टेंपरेचर, रिजेक्शन सगळं खिशातल्या डायरीतच लिहायचे आणि शिफ्ट संपताना त्यातलं निवडून सिस्टीममध्ये भरायचे. कारण ब्लोहोलचा (ओतलेल्या कास्टिंगमध्ये वायूमुळे पडणाऱ्या पोकळ भोकांचा) आकडा खरा भरला की सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब लोक मामांना सगळ्यांसमोर झापायचे, साच्याच्या वाळूत ओलावा जास्त होऊन ती भोकं पडली का हे कुणी विचारायचंच नाही. मग खरं कोण भरणार सांगा?

आणि आमचा डिस्पॅचचा क्लार्क, दहावी झालेला, २०१८ ला ई-वे बिल (जीएसटीत माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचं बिल) आलं तेव्हा आठवड्यात शिकला, कारण त्याशिवाय माल गेटबाहेर जात नव्हता. फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकानं १९८९ मध्येच मांडलंय की माणूस नवीन सिस्टीम घेतो ते ती उपयोगाची वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का हे बघून. मामांना ती अवघड नव्हती हो, त्यांना तिचा उपयोगच दिसत नव्हता, त्रास तेवढा दिसत होता.

पुढं प्लांट हेड बदलले. नवीन साहेब स्वतः मामांशेजारी बसून डायरी बघायचे, आकड्यावरून बोलणं त्यांनी बंद केलं आणि वाळूचं टेस्टिंग वाढवलं. मग मामा हीट ओतून झाली की लगेच एंट्री करायला लागले.