प्रतिसाद: लुडबुड नव्हे, गरज

इंजिनिअरांनी वैद्यकीय संशोधनात लुडबुड करू नये, हे वरचं मत अजिबात पटलं नाही. सीटी स्कॅनच घ्या. त्याच्या शोधामागचे दोघे म्हणजे हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक. हाउन्सफील्ड इंजिनिअर, कॉर्मॅक भौतिकशास्त्रज्ञ. डॉक्टरेट दोघांकडेही नव्हती, तरी १९७९चं वैद्यकाचं नोबेल त्यांनाच मिळालं. कॉर्मॅकने १९६३-६४मध्ये त्यामागचं गणित छापलं, पण फारशी कुणी दखल घेतली नाही. आणि तोच गणिती प्रश्न राडोन नावाच्या गणितज्ञाने १९१७मध्येच सोडवला होता, हे कॉर्मॅकला ठाऊकच नव्हतं! विषयांच्या भिंतींपायी इतकी वर्षं गेली, याची खरंच हळहळ वाटते.

आपला विषय ओलांडून दुसऱ्यात काम करणाऱ्यांत राज्यशास्त्राची माणसंही आलीच. हर्बर्ट सायमनची पीएचडी त्यातली, पण १९७५चा ट्युरिंग पुरस्कार संगणकशास्त्रातला.

अर्थात डॉक्टर सोबत हवेतच. १९७१मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा मेंदू स्कॅन झाला, तेव्हा हाउन्सफील्डबरोबर रेडिऑलॉजिस्ट अँब्रोझ होते.