मरे नदीतलं मीठ कमी करतात म्हणजे नक्की काय करतात?

अकोल्याची_ॲडलेडकर

नमस्कार मंडळी. मी मूळची अकोल्याची, पूर्णेकाठचा खारपाणपट्टा लहानपणापासून बघितलाय, विहिरीला भरपूर पाणी पण तोंडात धरवत नाही अशी गावं. आता ॲडलेडला राहते आणि इथलं नळाचं पाणी बरंचसं ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीतूनच येतं. मागे नदीकाठच्या वायकेरी गावाकडे गेलो होतो तर नदीपासून जरा आत बोअर आणि पंप दिसले, माहितीफलकावर लिहिलेलं की जमिनीतलं खारं पाणी उपसून लांब नेऊन सोडतात. मला कळलं नाही की मीठ नदीत आहे तर पंप जमिनीत कशाला? आणि नेऊन सोडतात ते कुठे, परत नदीतच येत नाही का? त्यापेक्षा शहरासाठी एक मोठा आरओ प्लांट का नाही टाकत? आणि हो, केटलमधे पांढरा थर बसतो तो याच मिठाचा का? कोणाला नीट माहीत असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

भूजल_मेलबर्न

ताई, प्रश्न मस्त आहे, याच फील्डमधे काम करतो म्हणून जरा लांबण लावतो.

नदीत मीठ वरून कोणी टाकत नाही, ते खालून झिरपतं. त्या सगळ्या भागात लाखो वर्षांपूर्वी समुद्र आत आलेला होता, शिवाय पावसाबरोबर थोडं थोडं मीठ येऊन साठत गेलं, त्यामुळे रिव्हरलँडखालचं (वायकेरीच्या आसपासचा नदीकाठचा बागायती भाग) भूजल काही ठिकाणी जवळजवळ समुद्राइतकं खारं आहे. पूर्वी मॅलीची झाडं (निलगिरीच्या जातीतली झुडपं) खोल मुळांनी पाऊस पिऊन टाकायची, खाली फारसं काही उतरायचंच नाही. ती तोडून गहू लावला, नदीकाठी द्राक्षं-संत्र्यांना पाणी द्यायला लागले आणि खालची पातळी वर आली. आता ते खारं पाणी उताराने नदीकडे ढकललं जातं. म्हणून पंप जमिनीत. नदीत मिसळल्यावर तेच मीठ प्रचंड पाण्यात विरघळलेलं असतं, ते परत वेगळं करायला अफाट वीज लागते, आणि मिसळायच्या आधी धरलं तर थोडंसंच पाणी उपसून भरपूर मीठ अडतं. सगळ्या योजना मिळून वर्षाला साधारण 5 लाख टन मीठ नदीत जाण्यापासून थांबतं.

उपसलेलं पाणी पाइपने नदीपासून लांबच्या खोलगट जागी सोडतात, वायकेरीचं स्टॉकयार्ड प्लेनला जातं. तिथे उन्हाने वाफ होते, काही भाग जमिनीत मुरतो. म्हणजे मीठ नाहीसं होत नाही, नदीपासून दूर ठेवलं जातं, हे खरंय आणि त्या जागांवर कायम लक्ष ठेवावं लागतं. बाकीचं मीठ समुद्रात जायला नदी वाहती हवी. बेसिन प्लॅनमधे (मरे-डार्लिंग खोऱ्याच्या पाण्याचा सरकारी आराखडा) वर्षाला सरासरी 20 लाख टन मीठ मुखातून बाहेर जावं असं उद्दिष्ट आहे, पण दुष्काळात मुखच वाळूने बुजायला लागतं, 2002 पासून कित्येक वर्षं तिथे वाळू उपसणारे ड्रेजर चालवावे लागले. त्यामुळे नुसत्या पंपांवर भागणार नाही, नदीला पाणी सोडावंच लागेल, हे माझं ठाम मत आहे.

आरओचं म्हणाल तर ॲडलेडजवळ पोर्ट स्टॅनव्हॅकला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट आहेच, वर्षाला 100 अब्ज लिटर क्षमतेचा. पण तो शहराला पाजेल, रिव्हरलँडच्या बागांना आणि नदीतल्या माशांना काय?

केटलचा थर मुख्यतः कॅल्शियमचा, त्याला पाण्याचा जडपणा म्हणतात. मीठ उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं.

शिरोळचा_शेतकरी

हे वाचून पोटात गोळाच आला, कारण आमच्याकडे हेच चालूय. कृष्णाकाठी ऊसाला पाटाने पाणी द्यायचं, जास्त दिलं की जास्त येतो ही समजूत, निचरा नाही, मग रान क्षारपड होतं, वर पांढरं फुटतं आणि कुसळसुद्धा उगवत नाही. आता बरेच जण खाली भोकाचे पाइप टाकून निचरा करतायत, रान सुधारतंय, आमचंही सुधारलं. पण ते खारं पाणी ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत, आणि खालची गावं तेच पाणी उचलतात. याचा हिशोब कोण ठेवतं? तिकडे ठेवतात का कोणी?

भूजल_मेलबर्न

दादा, ठेवतात आणि मला वाटतं सगळ्यात शिकण्यासारखं तेच आहे. 1988 मधे नदीकाठच्या राज्यांनी मिळून करार केला. कोणी नवीन सिंचन किंवा निचरा नदीत सोडला तर खाली नदीकाठच्या मॉर्गन गावाला खारेपणा किती वाढेल ते काढून त्या राज्याच्या नावावर खर्ची पडतं, मीठ अडवलं तर जमा. मॉर्गनला 95 टक्के वेळ 800 ईसीच्या (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून काढलेलं खारेपणाचं माप) खाली राहिलं पाहिजे हे लक्ष्य, म्हणजे लिटरला अंदाजे अर्धा ग्रॅम क्षार. वरच्याने सोडायचं आणि खालच्याने प्यायचं हे त्याशिवाय थांबलं नसतं.

द्राक्षबाग_रिव्हरलँड

आम्ही इथे बागेवर काम करतो. पंपांइतकाच फरक ठिबकने पडलाय. उघडे पाट जाऊन बंद पाइप आले, मातीत ओलावा मोजायचे सेन्सर आले, त्यामुळे खाली उतरणारं पाणीच कमी झालं. पुराचं मात्र कोणाच्या हातात नाही. डिसेंबर 2022 चा पूर 1956 नंतरचा सगळ्यात मोठा होता, तो ओसरताना काठच्या सखल जमिनीत साठलेलं मीठ धुऊन नदीत येतं, तेव्हा आम्ही रोज ईसीचा आकडा बघूनच पाणी सुरू करायचो.

अकोल्याची_ॲडलेडकर

मनापासून आभार सगळ्यांचे. आता एक घरगुती, माझ्या लिंबाच्या पानांच्या कडा करपतात, ते यामुळेच का?

द्राक्षबाग_रिव्हरलँड

असू शकतं ताई. पाइपने पानांवर पाणी मारता का? ते बंद करा, पान वाळताना मीठ पानातच उतरतं. इथल्या संत्र्यांवर पूर्वी वरून फवारे असायचे, पानं जळायला लागली म्हणून फवारे झाडाखाली आणले. मुळाशीच द्या, आणि रोज शिंतोडे मारण्यापेक्षा चार दिवसांनी एकदा भरपूर द्या म्हणजे मीठ मुळांच्या खाली जाईल. कुंडीत असेल तर खालची भोकं मोकळी आहेत ना ते बघा आधी.