मदत हवी आहे : अभिजात प्रेमकादंबऱ्यांचे अतिमानवी उत्तरभाग

नमस्कार. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीचा अमांडा ग्रेंज यांनी २००९ मध्ये लिहिलेला, लग्नानंतर नायक डार्सी रक्तपिपासू पिशाच (व्हॅम्पायर) निघतो असा उत्तरभाग वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे. डार्सीचा अबोलपणा शापाच्या माथी मारला की नायिका एलिझाबेथने त्याच्या अहंकाराशी दिलेल्या झुंजीला अर्थच उरत नाही, असे मला वाटते. याउलट ‘वदरिंग हाइट्स’ या कादंबरीमध्ये (१८४७) खिडकीच्या फुटलेल्या काचेतून हाती लागणारा भुताचा तो बर्फासारखा गार, चिमुकला हात मूळ कथेतच आहे. म्हणून जाणकारांना विनंती आहे की, अद्भुताचे बीज मूळ कादंबरीतच शोधून वाढवणारे आणि नायिकेला निव्वळ बळी न ठरवणारे आधुनिक उत्तरभाग ठाऊक असल्यास कृपया सुचवावेत.