होल्बाइनची क्रिस्टीना आणि "नुसता श्रीमंतीचा थाट"

कुंचला:
परवा घाटावरचा यांनी लिहिलं होतं, "युरोपातल्या राण्या-डचेसची पोर्ट्रेटं म्हणजे मोती, झालरी आणि पांढरेफटक चेहरे. एक बघितलं की सगळी बघितली. नुसता श्रीमंतीचा थाट." दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तरच लिहिते.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत होल्बाइनची क्रिस्टीना आहे, डेन्मार्कची राजकन्या, मिलानची डचेस. अंगावर एक मोती नाही. पायघोळ काळा झगा, काळी टोपी, दागिना म्हणाल तर लाल खड्याची एक अंगठी. विधवा आहे ती. अकराव्या वर्षी लग्न लागलं, दोन वर्षांत नवरा गेला. १५३८ च्या मार्चमध्ये इंग्लंडचा राजा हेन्री आठवा याने आपला चित्रकार होल्बाइन ब्रुसेल्सला पाठवला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. हेन्रीची तिसरी बायको बाळंतपणानंतर वारलेली, चौथी शोधणं चालू होतं. होल्बाइनला मिळाले तीन तास, दुपारी एक ते चार. तेवढ्यात त्याने चेहरा कागदावर उतरवला आणि पुढे त्यावरून जवळपास सहा फुटी लाकडी फळीवर रंगवला. मागे नुसती निळसर-हिरवी भिंत. काळ्या कपड्यात चेहरा आणि हात एवढंच उजेडात. हातमोजे काढून हातात धरलेत आणि ती सरळ तुमच्याकडे बघते, हसत नाही, लाजत नाही. लेकीकडे गेले होते तेव्हा मी अर्धा तास त्या चित्रासमोरून हलले नव्हते. यात थाट कुठे दिसला तुम्हाला?

घाटावरचा:
वाक्य माझंच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. तुम्ही शंभरातलं एक काढून दाखवलंत. माझे वडील पेंटर होते, साइनबोर्ड रंगवायचे आणि लोकांच्या गेलेल्या आईवडिलांची चित्रं फोटोवरून मोठी करून द्यायचे. गिऱ्हाईक काय सांगायचं माहितीये? आईला जरा गोरी करा, नाकात नथ घाला, पाटल्या काढा. जिने जन्मात सोनं बघितलं नाही तिच्या गळ्यात वडिलांनी ठुशी रंगवलीय, मी स्वतः बाजूला बसून पिवळा रंग कालवून दिलाय. पैसे देणारा सांगेल ते चित्रात येतं. होल्बाइनला पैसे कोण देत होतं? हेन्री. पुढच्याच वर्षी त्याने अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्जचं काढलं ते बघा, सोनेरी पट्टे, जडजवाहीर, आणि चेहरा मधोमध ठेवून दिलेला. हेन्रीने ते बघून होकार दिला, समोर आली तेव्हा नापसंत केली आणि सहा महिन्यांत लग्न रद्द. म्हणजे चित्र खोटंच की.

कुंचला:
खोटं कशावरून? होल्बाइनला कसलीही शिक्षा झाली नाही, लग्न जमवणाऱ्या क्रॉमवेलचं, हेन्रीच्या मंत्र्याचं, डोकं गेलं, तेही एवढ्या एका कारणाने नाही. हेन्रीला पसंत पडली नाही म्हणून चित्रकार खोटारडा, हा कुठला न्याय?

सांजवात:
मला चित्रातलं काही कळत नाही पण हे वाचून पोटात कालवलं. आमच्या वेळी स्थळाला फोटो पाठवायचे. वहिनीची साडी, मावशीचा तन्मणी, स्टुडिओत मागे धबधब्याचा पडदा, फोटोवाले काका म्हणतायत हनुवटी खाली घे, डोळे खाली. अकरा घरी गेला तो फोटो. नऊ ठिकाणाहून परत आला, दोन ठिकाणाहून फोटोही आला नाही. त्या मुलीला निदान सरळ बघू दिलं कुणीतरी.

तिसरी_घंटा:
ताई अगदी. माझ्या फोटोमागे पेन्सिलीने "रंग सावळा" लिहून परत पाठवला होता एका घराने. एकोणीस वर्षांची होते. कोण होते ते अजून लक्षात आहे, नाव नाही लिहीत.

इतिहासखोर:
क्रिस्टीनानेच हेन्रीला झणझणीत उत्तर दिलं होतं ना, मला दोन डोकी असती तर एक त्याच्या स्वाधीन केलं असतं म्हणून?

कुंचला:
तिच्या काळातला त्याला काही पुरावा नाही, नंतर चिकटवलेली गोष्ट आहे. लग्न झालं नाही एवढं खरं.

घाटावरचा:
पोर्ट्रेटांवर बोलतोय की स्थळाच्या फोटोंवर?

सांजवात:
दोन्ही एकच आहे दादा. नकार देणाऱ्याच्या हातात कागद आणि जिचा चेहरा आहे तिला कुणी विचारत नाही. तुम्हाला तो कधी परत आला नाही म्हणून वेगळं वाटतं.

घाटावरचा:
ताई, माझ्या बहिणीचा सात वेळा परत आलाय. मला शिकवू नका.

मागावरचा:
भांडताय कशाला. आमच्या घरात येवल्याला दोन पिढ्या पैठणीचे माग आहेत, म्हणून माझं लक्ष कपड्यावर जातं. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात ब्राँझिनोने रंगवलेली तिथली डचेस, टोलेडोची एलिओनोरा आहे, १५४५ च्या सुमाराची, शेजारी छोटा मुलगा. छापील चित्रात तिची छाती आणि बाही भिंगाखाली धरून बघा, मधल्या डाळिंबाच्या नक्षीत सोन्याच्या तारेचे बारीक बारीक फास उभे राहिलेत, तेसुद्धा त्याने एकेक करून रंगवलेत. तशी जरीची तार उचलून विणायला दिवसाला किती बोटं कापड निघतं ते माग चालवणाऱ्यालाच माहीत. त्या विणकराचं नाव कुठेच नाही याचा मला राग येतो. म्हणजे थाट आहे हे घाटावरचा यांचं बरोबर. पण बघण्यासारखं काही नाही हे साफ चूक.

इतिहासखोर:
तिला त्याच ड्रेसमध्ये पुरलं म्हणतात.

मागावरचा:
नाही. थडग्यातून निघालेले कपडे फ्लॉरेन्समध्येच जपून ठेवलेत, तो झगा साटिनचा आहे, वेगळाच. १५६२ मध्ये मलेरियाने गेली ती, चाळिशीत, आणि चित्रात शेजारी उभा असलेला तो जोव्हानीपण त्याच सुमारास. हे कळल्यापासून त्या मुलाच्या खांद्यावरचा तिचा हात बघवत नाही मला.

कुंचला:
हे मला माहीत नव्हतं. थँक्यू.

घाटावरचा:
रात्री क्रिस्टीना मोठी करून बघितली. चेहऱ्याबद्दल अजून पटलेलं नाही. पण हात खरे आहेत. वडील म्हणायचे हात काढायला बसला की पेंटर उघडा पडतो, म्हणून ते गिऱ्हाइकांच्या आयांचे हात पदराखाली लपवायचे. याने झगा एवढा काळा केला आणि हात मधोमध ठेवले. एवढं मान्य. मोत्यावाल्या बाकीच्या बायकांबद्दल मी काही मागे घेतलेलं नाही.

सांजवात:
बहिणीचं पुढे काय झालं दादा?

घाटावरचा:
झालं लग्न. आठव्याने फोटो मागितलाच नाही, थेट घरी आला. सातव्यांदा परत आलेला तिने फाडला होता, तुकडे आईने डब्यात ठेवलेत.