प्रति: रोपं लावण्याआधी राखण

"रोपं लावली की जंगल उभं राहतं" हे तुम्ही लिहिलंय, ते काही पटलं नाही. आमच्याकडे धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातलं बारीपाडा गाव एकदा बघून या. चैत्राम पवार (२०२५ची पद्मश्री) आणि गावकऱ्यांनी आधी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, राखणीला माणसं नेमली, नियम मोडणाऱ्याला दंड ठेवला. तोडलेल्या झाडांची मुळं जमिनीत जिवंत होतीच, त्यांना धुमारे फुटले. आज ११०० एकरांच्या आसपास जंगल आहे. विहिरींना पाणी टिकलं, भात सुधारला, पावसाळ्यात वनभाज्यांची स्पर्धा भरते ती वेगळीच.

जंगल राखायचं तर त्यावर जगणाऱ्यांच्या पोटाचं काय, हा तुमचा प्रश्न मात्र रास्त. मोहाच्या झाडाचंच घ्या. उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे फुलं टपटप पडतात. वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाचोळा पेटवतात आणि वणवा तिथूनच सुटतो. मामाच्या गावचं अख्खं टेकाड असंच काळं पडलं होतं. आता काही जण झाडाखाली जाळी बांधतात, नसेल तर जुनं लुगडं. फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही, भावही बरा येतो. काडी ओढायचं कारणच उरत नाही.