टीटीला २६५ चे टायर बसवावेत का?

घोडबंदरकर
भाच्याने सेकंडहँड ऑडी टीटी घेतली. रिम १८ इंची, रुंदी ९ इंच, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून चाक जोडायच्या जागेचं अंतर) ५२ मिमी, कंपनीचा टायर २४५/४० आर १८, म्हणजे २४५ मिमी रुंद, कडेची उंची रुंदीच्या ४० टक्के, १८ इंची रिमसाठी. टायरवाला म्हणतो, २६५/३५ टाका, गाडी दणकट दिसेल. माझा ठाम विरोध आहे. त्याच रिमवर टायर २० मिलिमीटरने रुंद झाला की साधारण १० आत जातात, १० बाहेर. आत स्ट्रट (सस्पेन्शनचा दांडा), बाहेर फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची कड. जागा न मोजता सुचवणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशावर प्रयोग. फार तर २५५/४० घ्यावा, तोही मोजूनच.

पामबीच_रायडर
दादा, मोजायला हवं हे मान्य, पण २६५ ला सरसकट नाही का म्हणता? व्यास काढून बघा: २४५/४० चा ६५३ मिमी, २६५/३५ चा ६४३. टायर उलट बुटका होतोय. ९ इंची रिमवर तो बसतोही. कोरड्या रस्त्यावर पकड वाढते, आणि स्पोर्ट्‌स कार घ्यायची ती कशासाठी? चारही एकाच मापाचे घेतले की क्वाट्रोलाही (ऑडीची चारही चाकं ओढणारी यंत्रणा) त्रास नाही.

घोडबंदरकर
बुटका झाला म्हणून सुटला असं नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायरचा खांदा लायनरला (चाकाच्या खाचेतल्या अस्तराला) लागतो, तिथे रुंदीच नडते. शिवाय साइडवॉल, म्हणजे टायरची कडेची भिंत, ९८ वरून ९३ मिमी. गायमुखच्या घाटातल्या खड्ड्यात रिम वाचवायला एवढीच तर उशी असते! आणि पावसाळ्यात पामबीचवर पाणी साचलं की रुंद टायर लवकर तरंगतो. तिथे पकड कोरडी नसते, भाऊ.

नेरुळवाली
मग उशीच वाढवा ना, २४५/४५ घ्या. आपल्या रस्त्यांना तोच बरा.

पामबीच_रायडर
ताई, त्याचा व्यास ६७८ होतो, जवळपास पावणेचार टक्के जास्त. चाकाच्या वर १२ मिमी जागा कमी, आणि मीटरवर ८० दिसताना गाडी आधीपेक्षा तीन किलोमीटरने जास्त पळणार. यापेक्षा माझा २६५ परवडला.

नेरुळवाली
व्यासाचं पटलं, २६५ चं नाही. बाहेर घासला की हेच टायरवाले फेंडरची कड मुडपून घ्या सांगतात, आत घासला की स्पेसर (चाकामागे घालायची चकती). स्पेसरने चाक बाहेर सरकतं, म्हणजे आतलं दुखणं बाहेर.

वाशी_गॅरेज
रोज गाड्या उचलतो म्हणून सांगतो. छापलेलं माप एकच असलं तरी दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारखे रुंद नसतात. एकाचा २५५ दुसऱ्याच्या २६५ ला जाऊन टेकतो. त्यामुळे आकड्यांवरून भांडू नका. आधी दोनच टायर पुढे बसवा, लायनरला आतून खडू फासा, मागे-पुढे माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून स्पीडब्रेकरवरून हळू न्या. खडू पुसला गेला तर टायर परत. दुकानदार या अटीवर देत नसेल तर दुकान बदला. लोड इंडेक्सही बघा: ९३ म्हणजे एक टायर ६५० किलो वजन पेलतो, त्याखाली उतरू नका.

पामबीच_रायडर
खडूची अट मान्य. पण चाचणीत २६५ पास झाला तर?

घोडबंदरकर
तरी माझ्या भाच्याच्या गाडीला नाही. पाऊस तुमची चाचणी बघून पडत नाही.